डल्सीच्या नाळेवरची गाठ

झिंक कोव्ह या खाडीकाठच्या गावात कुणाच्या होडीचं पुढचं शीड अडकलं, की माणूस आधी देवाचं नाव घेत नसे, मर्ल व्हीनॉटचं घेई. निदान त्या उन्हाळ्यापर्यंत तरी असंच होतं.

हे पुढचं शीड म्हणजे एक प्रकरणच असतं. पूर्वी ते उतरवायचं तर नाळेवर, म्हणजे होडीच्या अगदी पुढच्या टोकाला, गुडघे टेकून बसावं लागे आणि तोंडावर लाटा घेत ते ओढून, दाबून पिशवीत कोंबावं लागे. मग फर्लर आले. खाली एक रीळ, वर एक फिरकी आणि मधल्या तारेवर नळी. मागं आरामात बसून एक दोरी ओढली की शीड चटईसारखं स्वतःभोवती गुंडाळलं जातं. केवढी सोय! पण हीच सोय भर वाऱ्यात अडकली, की शीड अर्धं उघडं, अर्धं मिटलेलं. ते पुढं जात नाही, मागं येत नाही, खाली उतरत नाही, आणि वारा तर वाढतच चाललेला. भल्याभल्यांची तिथं पाचावर धारण बसते.

मर्लचा बाप मासे खारवायच्या कारखान्यात होता. मर्लही तिथंच चिकटला असता, पण लग्नाआधी आर्लीननं त्याला तोंडावर सांगितलं, "तू चांगला आहेस रे, पण तुझ्याशेजारी बसून जेवण जात नाही." मग तो शिडं शिवणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या हाताखाली लागला. फर्लर नवे नवे आले तेव्हा त्या म्हाताऱ्याला उंचीची भीती, म्हणून डोलकाठीवर चढायचं काम मर्लकडं आलं. चढला तो चढलाच. साठी उलटली, गुडघे कुरकुरायला लागले, तरी महोन बे या उपसागराच्या या बाजूला कुठल्याही डोलकाठीच्या टोकाला काय चाललंय, ते त्याला खालून नुसतं बघून कळायचं.

दर वसंतात होड्या पाण्यात उतरल्या की होड्यांच्या क्लबच्या धक्क्यावर मर्लचं व्याख्यान व्हायचं. हेरिंग माशांच्या उपड्या टबावर उभा राहायचा आणि तेच ते सांगायचा. "ओढण्याआधी वर बघा. शीड उघडताना रिळाची दोरी सैल सोडू नका, हातात थोडा ताण ठेवा, नाहीतर वेढ्यावर वेढा चढतो. जड लागलं की थांबा. विंचच्या चाकाला दोरी घालून जोर लावणार असाल तर मला बोलावू नका, पाद्रीबाबाला बोलवा. आणि तो जादा दोर! डोलकाठीच्या टोकावरून येणारा जादा दोर नाळेच्या कठड्याला बांधून ठेवाल तर याद राखा. शीड गुंडाळताना तो वरच्या वर शिडात ओढला जातो आणि फिरकी जाम होते. डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या बाजूच्या तारेला बांधा. बाजूच्या!"

पोरंसोरं त्याची नक्कल करायची. बिअरची बाटली तोंडाला लावण्याआधीसुद्धा कुणीतरी ओरडायचं, "वर बघा!" मर्ल हसायचा. त्याला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? आपलं नाव असं गावाच्या तोंडी असणं कुणाला आवडत नाही?

आता या गावाची एक रीत. सैल राहिलेला दोर वाऱ्यानं अॅल्युमिनियमच्या डोलकाठीवर आपटत राहतो. टण्, टण्, टण्. डोकं उठतं. म्हणून ज्याला आवाज ऐकू येईल त्यानं होडकं घ्यावं, वल्हवत जावं आणि तो दोर ताणून बांधून यावं, मग होडी कुणाची का असेना. विचारायचं नाही, सांगायचंही नाही. शेजाऱ्याचं फाटक उघडं दिसलं तर आपण कडी घालतो, तसंच. होडीच्या मालकाला गाठ बघून कळतं कोण येऊन गेलं, आणि जमलं तर तो एखादी सावरक्राउटची, म्हणजे आंबवलेल्या कोबीची, बरणी त्याच्या पायरीवर ठेवून जातो. मर्लची गाठ तर आंधळ्यालाही कळावी. शेवटी एक जादा वेढा घालायची त्याला खोड होती.

त्याच्या घराच्या खिडकीसमोर, अगदी जवळच्या बोयाला, म्हणजे पाण्यात नांगरलेल्या तरंगत्या गोळ्याला, डल्सी बांधलेली असायची. गार्नेट कॉर्कमची होडी. गार्नेट त्याचा जिवाभावाचा मित्र, आदल्या शरदात गेला. होडी आता विकली जाणार असं सगळ्यांनी धरलंच होतं. पण गार्नेटची बायको ऑलिव्ह, जिनं सारं आयुष्य शाळेची बस चालवली, तिनं जूनमध्ये मर्लच्या दारात येऊन सांगितलं, "मला शिकव."

"या वयात?"

"तुझ्याहून लहानच आहे मी. बर्फात, उतारावर, पोरांच्या किंचाळ्यांत बस चालवली आहे. आरसासुद्धा कुठं घासला नाही. तुझ्या त्या शिडाला मी घाबरत नाही."

"शिडाला घाबरू नकोस. फर्लरला थोडी घाबर."

मर्लनं तिला शिकवलं. ती चांगलं शिकली. प्रत्येक वेळी दोरी ओढण्याआधी मान मागं टाकून वर बघायची, इतकी की मर्लनं तिला चिडवलं, "अगं, गार्नेट दिसतोय का वर?" आणि ती म्हणाली, "दिसतोय ना. म्हणतोय, मर्लला सांग, जीभ आवर." दोघं हसले. गार्नेट गेल्यानंतर त्याचं नाव घेऊन ती पहिल्यांदाच हसली होती.

आणि मग जुलैतली ती दुपार.

मर्लनं पोटभर हॉज-पॉज खाल्लं होतं. नवे बटाटे, वाटाणे, भरपूर साय. जेवल्यावर सोफ्यावर आडवा झाला. नैर्ऋत्येचा वारा सुटला होता आणि समोर डल्सीवर टण्, टण्, टण्. कूस बदलली, डोक्यावर उशी घेतली, पण छे! आर्लीन टेबलापाशी चित्राच्या तुकड्यांचं कोडं जुळवत बसली होती. तिला हल्ली कमी ऐकू येतं, ती मजेत होती. शेवटी मर्ल उठला, चरफडत होडकं काढलं आणि डल्सीवर चढला. जादा दोर सुटून आपटत होता. बाजूच्या तारेला बांधायचा तर मध्ये एक आखूड दोरी लागते. ती नेहमी खिशात असायची, पण जेवायला बसताना त्यानं विजार बदलली होती. घरी जाऊन आणायची? झोप डोळ्यांवर आलेली. दोराच्या टोकाची कडी नाळेच्या कठड्यापर्यंत आरामात पोचत होती. कडी मिठानं धरली होती, उघडेना, तेव्हा त्यानं सरळ गाठच मारली आणि शेवटी सवयीनं तो जादा वेढा दिला. संध्याकाळी येऊन नीट बांधू, असं म्हणत तो परत वल्हवत गेला. जी गोष्ट करू नका म्हणून हा माणूस दरवर्षी टबावर उभा राहून घसा फोडायचा, तीच त्यानं केली. कशासाठी? दुपारच्या झोपेसाठी! आणि झोप लागलीही गाढ, अगदी लहान मुलासारखी.

उठून बघतो तर बोयाला डल्सी नाही.

पहिला विचार आला तो असा, की तिनं गाठ पाहिली असेल, सोडली असेल. शिकवलंय आपण तिला. दुसरा विचार यायच्या आत त्यानं दुर्बीण उचलली. खाडीच्या तोंडाशी, खडकांच्या अलीकडं, डल्सी एका कुशीवर कलली होती. पुढचं शीड अर्धं गुंडाळलेलं, उरलेलं फडफडतंय, आणि वर, फिरकीपाशी, शिडाला दोराचा पीळ पडलेला. नाळेवर एक लाल जॅकेट गुडघ्यांवर सरकत होतं.

तो धक्क्याकडं पळाला, पण पोचेपर्यंत सगळं होऊन गेलं होतं. फडफडणाऱ्या शिडाच्या दोरानं तिच्या हातावर सपकन तडाखा दिला होता. ती आपटली, मनगट मोडलं, खांदा निखळला. मॅकरेल मासे घेऊन परतणाऱ्या डेल्बर्ट निकलनं तिला पाहिलं म्हणून बरं. त्यानं आपली बोट मध्ये घातली आणि डल्सीला खडकांपासून ओढून आणलं. नसता आला तर काय झालं असतं, हे मर्लनं त्या दिवसापासून रोज मनात पाहिलं, अगदी जेवताना घास हातात असतानाही.

ऑलिव्हला दवाखान्यात नेलं. मागं उरली डल्सी, आणि ती सोडवायला अर्थातच मर्लला बोलावलं. तो नाळेवर गेला. कठड्याला त्याची गाठ तशीच होती, जादा वेढ्यासकट. मागं धक्क्यावर माणसं उभी, पण सगळ्यांच्या माना वर, त्या गुंतलेल्या पिळाकडं. मर्लनं मात्र खाली बघितलं आणि पाठीचा आडोसा करून गाठ सोडली. मग डोलकाठीवर चढला, वरचा पीळ उलगडला, शीड उतरवलं. खाली आला तेव्हा क्लबचा अध्यक्ष रॉस हिमलमन म्हणाला, "जादा दोर नाळेवर ठेवला होता ना तिनं? तू ओरडून ओरडून सांगतोस, तरी!"

मर्ल म्हणाला, "हं."

एवढंच बोलला तो. पण त्या 'हं'नं त्याचा घास घेतला.

दवाखान्यात तो आर्लीनचे ओट केक घेऊन गेला. ऑलिव्हचा हात प्लास्टरमध्ये, चेहरा उतरलेला. ती म्हणाली, "तू सांगितलं होतंस, मर्ल. ओढण्याआधी वर बघायचं. वारा एकदम आला आणि मी बघितलं नाही."

"होतं असं."

"तो दोर नाळेवर होता." ती त्याच्याकडं बघत होती. "तिथं कसा आला असेल रे तो?"

सांगून टाक, सांगून टाक, असं आतून कुणीतरी ओरडत होतं, आणि बाहेर मर्ल व्हीनॉट केकचा डबा नीट लावत म्हणाला, "घाईत राहून जातं माणसाकडून."

तिनं डबा बाजूला सरकवला. मग म्हणाली, "पाणी दे जरा." त्यानं पाणी दिलं, उशी सारखी केली आणि घरी आला. घरी येऊन मागच्या अंगणात लाकडं फोडत बसला. भर उन्हाळ्यात, जेव्हा लाकडांची कुणाला गरज नव्हती.

हे इथंच थांबलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण दर बुधवारी संध्याकाळी शर्यतीनंतर क्लबवर सगळे जमतात, शिंपल्या उकडतात, आणि त्या बुधवारी रॉसनं मर्लला टबावर चढवलं. "आता तरी लोकांना ऐकू दे. फर्लर का अडकतात ते पुन्हा एकदा सांग." मर्लनं नको नको म्हटलं. रॉस ऐकेना, लोक टाळ्या वाजवायला लागले. मग मर्ल बोलला. ताणाचं बोलला, वेढ्यांचं बोलला, आणि जादा दोरापाशी आल्यावर सगळे त्याच्या तोंडाकडं बघत राहिले, म्हणून म्हणाला, "आता ऑलिव्हचंच बघा. दोर नाळेवर राहिला, आणि काय झालं ते तुम्ही पाहिलंत."

म्हणाला आणि मागच्या रांगेत त्याला ती दिसली. हात गळ्यात अडकवलेला. कुणीतरी तिला गाडीतून आणलं होतं, तिला बरं वाटावं म्हणून. ती शांतपणे उठली आणि शिंपल्या न खाताच गेली. पुढच्या काही दिवसांतच डल्सीच्या कठड्यावर नारिंगी फळी लागली. विकणे आहे.

ती फळी मर्लच्या सोफ्यावरून दिसायची, खुर्चीवरूनही दिसायची. गावात लोक म्हणायचे, बरं झालं, शहाणपण आलं तिला. दुकानात, चर्चच्या दारात, पोस्टात, जो तो मर्लच्या पाठीवर थाप मारायचा. "तू तर सांगितलंच होतंस!" प्रत्येक थाप त्याला पाठीत मारलेल्या गुद्द्यासारखी लागायची. तो हल्ली पोस्टात दुपारी जायचा, गर्दी नसताना.

शेवटी त्यानं आर्लीनला सांगितलं. मोठ्यानं सांगावं लागलं, कारण तिला कमी ऐकू येतं. त्यामुळं स्वतःचा गुन्हा त्याला स्वयंपाकघरात अक्षरशः ओरडून सांगावा लागला.

"आणि तुला त्रास होत होता म्हणून गेलो मी," तो शेवटी म्हणाला.

आर्लीननं कोड्याचा तुकडा खाली ठेवला. "मला? मला तो दोर ऐकू येत नाही, मर्ल. मला तू घोरतोस तेसुद्धा ऐकू येत नाही. माझं नाव कशाला घालतोस यात?"

तो टेबलावरचे कोड्याचे तुकडे सारखे करायला लागला.

"आणि मला कशाला सांगतोस?" ती म्हणाली. "होडी माझी आहे का?"

"गार्नेटची होडी आहे गं ती."

"नाही. ऑलिव्हची आहे. हेच तर तुम्हा पुरुषांना कळत नाही."

ऑगस्टच्या शेवटी हॅलिफॅक्स शहरातून गिऱ्हाईक आलं. ड्र्यू फॅनिंग नावाचा तरुण, सभ्य, पांढरे बूट घातलेला. होडी त्याला आवडली होती, पण शिडाचा सगळा डोलारा कुणा जाणकारानं तपासावा अशी त्याची अट होती. आणि जाणकार म्हणजे दुसरं कोण! ऑलिव्हनंच निरोप पाठवला. तिघं होडक्यात बसले. मर्ल वल्हवत होता, ऑलिव्ह समोर, प्लास्टर निघालेलं मनगट मांडीवर ठेवून.

मर्लनं सगळं तपासलं. रीळ फिरवून पाहिलं, दोरी कुठल्या कोनात येते ते पाहिलं, मागची तार ताणून पाहिली. सगळं उत्तम होतं. असणारच, त्यानंच बसवलेलं.

"मग जुलैत अडकलं कशानं?" ड्र्यूनं विचारलं. "गावात ऐकलं मी. तुम्ही जाणकार आहात, खरं सांगा. यात काही दोष आहे का?"

"यंत्रात दोष नाही," ऑलिव्ह म्हणाली. "माणसात होता." आणि तिनं मर्लकडं बघितलं, दवाखान्यात बघितलं होतं तसंच.

मर्ल नाळेच्या कठड्याला धरून उभा होता, बरोबर त्याच जागी. त्याला वाटलं, आता जर मी 'हं' म्हटलं, तर ही होडी जाईल आणि मी जन्मभर त्या रिकाम्या बोयाकडं बघत जेवीन.

"माणूस मी होतो," तो म्हणाला. "दोर मी बांधला होता इथं. झोप मोडत होती माझी. आखूड दोरी घरी राहिली आणि मला परत जायचा कंटाळा आला. नंतर गाठ मीच सोडली, कुणी बघायच्या आत. आणि टबावर उभा राहून तुझं नाव घेतलं, ऑलिव्ह. दोष तुझा नव्हता. तुझा काहीच दोष नव्हता."

ड्र्यू आपल्या पांढऱ्या बुटांकडं बघायला लागला. बिचारा होडी घ्यायला आला होता.

ऑलिव्हला आश्चर्य वाटलं नाही. ती फक्त खाली बसली, हळूच, मनगट सांभाळत. "मला माहीत आहे," ती म्हणाली.

"काय?"

"त्या दिवशी बोया सोडायला मी इथंच वाकले होते ना? दोर माझ्या नाकासमोर होता. मनात आलं, हा इथं कशाला? सोडावा. मग तो तुझा जादा वेढा दिसला. म्हटलं, मर्लनं बांधलंय, म्हणजे त्यामागं काहीतरी असेल. राहू दे." तिनं नाक पुसलं. "तू सांगितलेलं सगळं मला पाठ होतं. पण तुझी गाठ बघितली आणि तुझ्या शब्दापेक्षा तुझ्या गाठीवर विश्वास ठेवला."

मर्लनं कठड्यावरचा हात काढला.

"दवाखान्यात मी तुला विचारलं," ती म्हणाली. "सरळ विचारलं. मला वाटलं, आता सांगेल. मी चिडले असते, ओरडले असते, एक ओट केक फेकून मारला असता, आणि संपलं असतं. पण तू डबा लावत बसलास. मग वाटलं, बुधवारी सांगेल. आणि बुधवारी तू..." तिनं मनगट पोटाशी धरलं. "मनगटासाठी नाही विकत मी ही. मनगट जुळतं. पण इथं, तुझ्या खिडकीखाली, रोज होडी बांधायची आणि अडलं तर कुणाला हाक मारायची? तुला?"

मर्ल डोळे पुसायला रुमाल काढायला गेला, तर खिशातून ती आखूड दोरी निघाली. हल्ली तो झोपतानासुद्धा ती खिशात ठेवायचा. त्यानं ती घाईघाईनं परत कोंबली.

"मॅडम," ड्र्यू अवघडून म्हणाला, "म्हणजे फर्लर ठीक आहे तर. माझी तयारी आहे. तुम्ही म्हणाल तेव्हा."

"शुक्रवारी कळवते," ऑलिव्ह म्हणाली. मग मर्लला म्हणाली, "बुधवारी टबावर चढ. माझं नाव घेतलं होतंस तिथंच."

बुधवारी तो चढला. आपणहून चढला, तेव्हा रॉसला आनंद झाला. मर्लनं सगळं सांगितलं, विजारीपासून गाठीपर्यंत, काही न वगळता. आणि झालं काय? लोक हसले! टाळ्या वाजवल्या! रॉस तर गहिवरून म्हणाला, "बघा, मन असावं तर असं. बाईचं मन राखायला स्वतःवर घेतो." डेल्बर्ट ओरडला, "वर बघा!" आणि बिअरच्या बाटल्या वर गेल्या.

मर्ल हात हलवत राहिला. "नाही, नाही, अरे ऐका तरी!" कोण ऐकतो. खोटं बोलला तेव्हा सगळ्यांनी पटकन मानलं होतं, खरं मानायला कुणी तयार नव्हतं.

तेवढ्यात मागून ऑलिव्ह उभी राहिली. शाळेची बस चालवलेला आवाज तो, एका हाकेत गप्प बसवणारा.

"तो खरं सांगतोय. गाठ मी पाहिली होती. त्याचीच होती."

शिंपल्यांच्या पातेल्याखाली गॅस फुरफुरत होता, तेवढाच आवाज राहिला. रॉसनं बाटली खाली ठेवली. कुणी मर्लच्या पाठीवर थाप मारली नाही. तो टबावरून उतरला, गर्दीतून वाट काढत गेला, आणि लोकांनी वाट दिली.

शुक्रवारी नारिंगी फळी निघाली. का, ते ऑलिव्हनं कुणाला सांगितलं नाही आणि मर्लनं विचारलं नाही. ती भेटली की मान हलवायची, हवेबद्दल एखादं वाक्य बोलायची, बस्स. डल्सीचा जादा दोर पुन्हा सैल झाला होता. नैर्ऋत्येचा वारा सुटला की टण्, टण्, टण्. गावातलं कुणीही तो बांधायला गेलं नाही. दुसऱ्याच्या होडीवर न विचारता चढायला आता सगळेच कचरत होते. ती रीत मर्लनंच मोडली, असं कुणी तोंडानं म्हणालं नाही, पण मर्लला ते न म्हणताच ऐकू यायचं. तो दुपारी सोफ्यावर पडून तो आवाज शेवटपर्यंत ऐकायचा. उशी घेत नसे.

सप्टेंबरच्या मध्यावर एका दुपारी आवाज आला नाही. वारा तर होता. मर्ल ताडकन उठून खिडकीशी गेला. बोया रिकामा होता.

त्यानं दुर्बीण डोळ्यांना लावली. बाहेर, खाडीच्या तोंडाशी, डल्सी नीट वाऱ्यावर चालली होती, पुढचं शीड पूर्ण उघडून. होडीवर लाल जॅकेट एकटंच होतं. वारा वाढत होता. मर्ल खिडकीशी उभाच राहिला. आर्लीननं चहा आणून ठेवला, त्याचं लक्ष नव्हतं. मग त्याला दिसलं, ऑलिव्हनं होडी वळवली, दोरी हातात घेतली, आणि ओढण्याआधी मान मागं टाकून वर बघितलं. खूप वेळ बघितलं. त्यानं शिकवलं होतं त्याहूनही जास्त. मग खालीही, नाळेकडं, बघितलं. हे त्यानं शिकवलं नव्हतं. शीड गोल गोल फिरत मिटलं, कुठंही न अडकता.

मर्लनं श्वास सोडला तेव्हा खिडकीच्या काचेवर वाफ धरली.

ती बोयाला परत आली. होडी बांधून झाल्यावर होडक्यात उतरण्याआधी ती डोलकाठीपाशी थांबली, खिशातून एक आखूड दोरी काढली, आणि तो जादा दोर बाजूच्या तारेला ताणून बांधला. सावकाश, दुखऱ्या हाताला वेळ देत. मग मान वर करून तिनं मर्लच्या खिडकीकडं बघितलं. हात हलवला नाही. वल्हवत निघून गेली.

"काय झालं?" आर्लीननं विचारलं.

"दोर बांधला तिनं," मर्ल मोठ्यानं म्हणाला. "बाजूच्या तारेला."

"मग झोप की आता. आवाज नाही येणार."

तो सोफ्यावर आडवा झाला. वारा खिडकीवर आपटत होता आणि डल्सीवरून कसलाही आवाज येत नव्हता. मर्ल डोळे मिटून पडून राहिला, पण अंधार पडेपर्यंत त्याला झोप काही लागली नाही.